विद्यार्थ्यांचे निबंध आणि गांवचा कारभार

(शहापूर, जि. भंडारा येथें हायस्कुलांतील मुलामुलींच्या नागरिक-निबंध स्पर्धेच्या आरंभीं केलेलें भाषण)



नागपूरहून भंडाऱ्यास जाणाऱ्या हमरस्त्यावरील या शहापूर गांवीं हायस्कुलांतील मुलामुलींची निबंध-स्पर्धा भरत आहे. विषय ठेविला आहे "माझें गांव आणि माझें नागरिकत्व." मुलें लिहावयास बसण्यापूर्वीं त्यांच्याशीं चार शब्द बोलावे, अशी चालकांनीं आम्हांस आज्ञा केली. शब्द चारच होतील असें वचन आम्ही देत नाहीं. विषय मोठा आहे, आणि ज्यांच्या घरांत लिहिण्यावाचण्याची ही पहिली किंवा दुसरीच पिढी आहे, अशा आपल्या बहुजन समाजाच्या तो जिव्हाळ्याचा आहे.

अशा स्पर्धा ठिकठिकाणीं होतात आणि त्यांची रीत ठरून गेली आहे. गुरुजी फळ्यावर विषय लिहितात. मुलें गाईड उघडतात, नाहींतर हल्लीं मोबाइलवर मागतात. मागितला कीं आयता निबंध हजर. त्यांत पहिलें वाक्य असतें कीं आपला देश कृषिप्रधान आहे, आणि शेवटचें असतें कीं आजचीं मुलें हीं उद्यांचे नागरिक आहेत. मधल्या दोन पानांत गांवाचें नांवसुद्धां नसतें. तो निबंध शहापूरचा म्हणून वाचा, सांगलीचा म्हणून वाचा, एक अक्षर बदलावें लागत नाहीं. मग पाहुणे येतात, बक्षिसें वांटतात, फोटो निघतो, आणि निबंधांचा गठ्ठा कपाटावर जाऊन पडतो. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? मुलानें स्वतः कांहीं पाहिलें नाहीं, मोजलें नाहीं, कोणास विचारलें नाहीं; तर त्याच्या कागदांत तें उतरावें कसें?

आजचीं मुलें उद्यांचे नागरिक, हें वाक्य आम्हांस मुळींच मान्य नाहीं. मुलांनो, तुम्ही आजच नागरिक आहां. मताचा हक्क अठराव्या वर्षीं मिळतो. पूर्वीं तो एकविसाव्या वर्षीं मिळे, घटनेच्या ६१ व्या दुरुस्तीनें १९८९ पासून अठरावर आला. पण नागरिकत्व कांहीं मतासाठीं थांबून राहात नाहीं. तें तुम्हांस जन्मापासून आहे. बोलण्या-लिहिण्याचें स्वातंत्र्य घटनेनें नागरिकांस दिलें आहे, तेथें वयाची अट घातलेली नाहीं. तेव्हां "मोठे झाल्यावर आम्ही अमुक करूं" असें लिहूं नका. आज काय दिसतें, आज काय पाहिजे, तें लिहा.

कोणी म्हणेल कीं चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना गांवच्या कारभाराचें काय कळतें? त्यांस आम्ही एका चौदा वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगतों. 'ज्ञानोदय' या मिशनरी पत्राच्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत एक निबंध दोन भागांनीं छापून आला. विषय होता मांग-महारांचें दुःख. लिहिणारी मुक्ता साळवे, जातीनें मांग, वय वर्षें चौदा. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यांतील शाळेंत तिचें अवघें तीन वर्षांचें शिक्षण झालें होतें. तीन वर्षें! आज आठवी-नववींत बसलेल्या तुम्हां मुलांचें शिक्षण त्याच्या दुपटीहून अधिक झालें आहे.

त्या मुलीनें काय लिहिलें? विद्येचे महत्त्व, देशाची उन्नति, असली पोकळ वाक्यें तिनें लिहिलीं नाहींत. आपल्या लोकांस इमारतींच्या पायांत कसें पुरलें जाई, तालमीपुढून गेलेल्या मांग-महाराची काय गत होई, अंगावर छप्पर नसतां थंडीपावसांत आमच्या बाया कशा बाळंत होतात, हें तिनें एकामागून एक सांगितलें. वेद जर ब्राह्मणांनींच वाचावयाचे, तर ज्यांस ते पाहण्याचीही मनाई त्या आमचा धर्म तरी कोणता, असा उघड सवाल तिनें देवास आणि देवाच्या नांवानें बोलणाऱ्यांस केला. आणि शेवटीं आपल्याच लोकांकडे वळून सांगितलें कीं या दुखण्यावर ज्ञान हेंच औषध आहे, तें घ्या. दुःख आपलें, पुरावा आपला, सवाल ज्याला करावयाचा त्याला, आणि आपल्या माणसांनीं काय करावें तेंही स्पष्ट. नागरिकानें निबंध कसा लिहावा याचा याहून चांगला धडा आम्हांस दुसरा ठाऊक नाहीं.

तिला बक्षीस कोणतें मिळालें? कोणतेंही नाहीं. त्या काळीं पुण्यांत बक्षीस देणारी कमिटी मात्र होती. पेशवाईंत श्रावणमासीं ब्राह्मणांस दक्षिणा वांटली जाई. त्या पैशाचा कांहीं भाग पुढें इंग्रज सरकारनें मराठी ग्रंथांस बक्षिसें देण्याकडे लाविला. त्याच १८५५ सालीं जोतीरावांनीं 'तृतीय रत्न' हें नाटक लिहून त्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे धाडलें. कमिटीनें तें नाकारलें. हें जोतीरावांनीं स्वतःच 'गुलामगिरी'ंत नमूद करून ठेविलें आहे. नाकारलेलें तें नाटक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत छापून निघालें. एकाच वर्षीं गुरूचें नाटक परत आलें आणि शिष्येचा निबंध बिनबक्षिसाचा राहिला. आज हीं दोन्ही अभ्यासकांस धुंडाळून वाचावीं लागतात, आणि त्या साली बक्षीस कोणीं मारलें तें कोणी विचारीत नाहीं. तेव्हां मुलांनो, बक्षीस मिळालें तर आनंदानें घ्या. न मिळालें तर आपला निबंध वाया गेला असें समजूं नका.

आतां परीक्षकांशीं थोडें बोलूं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ सालीं सुरू झाली. तिच्यांत जोतीरावांच्या पुस्तकांचा समाचार घेतांना त्यांच्या भाषेवर आणि व्याकरणावर मोठा कोरडा ओढला आहे. मुद्दा काय आहे तें पाहण्याऐवजीं ऱ्हस्व-दीर्घाकडे बोट दाखविलें कीं उत्तर देण्याचा त्रास वांचतो! ही खोड अजून गेलेली नाहीं. आमच्या भंडाऱ्याकडील पोर झाडीबोलींत वाढतें. त्याच्या घरीं धानाची बांधी असते, पऱ्हे असतात, रोवणी असते, गांवामागें बोडी असते. त्यानें निबंधांत 'बोडी' लिहिलें म्हणून परीक्षकानें तांबडी शाई लावून 'जलाशय' करूं नये. ज्यास बोडी ठाऊक नाहीं त्यानें आधीं बोडीवर जाऊन यावें, मग गुण द्यावे. शुद्धलेखन शिकावें, तें आम्ही नाकारीत नाहीं. पण अशुद्ध खऱ्यापेक्षां शुद्ध खोट्यास अधिक गुण मिळूं लागले, तर ही स्पर्धा मुलांस खोटें लिहिण्याचीच शिकवण देईल.

मग लिहावें कशावर? विषय शोधावयास लांब जावयास नको. बोडीचेंच घ्या. या भागांतील हजारों तलाव-बोड्या मालगुजारी अमलांतील. जुन्या पिढ्यांनीं, त्यांत विशेषेंकरून कोहळी समाजानें, आपल्या अकलेनें आणि घामानें ते बांधले. मालगुजारी रद्द करण्याचा कायदा १९५० सालीं झाला, तो १९५१ पासून अमलांत आला, आणि तलाव मालगुजारांकडून सरकारकडे गेले. आज शंभर हेक्टरांपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत. मालगुजार गेला तें योग्यच झालें. पण तलावाचा गाळ काढावयास लोक पूर्वीं ज्या हक्कानें आणि धाकानें जमत, तो हक्क आणि धाकही गेला. सर्वांचा तलाव तो कोणाचाच नाहीं असें झालें. तुमच्या गांवच्या बोडींत गाळ किती बसला? पाळ कोठें खचली? पाण्याच्या पोटांत कोणीं बांध घालून धान लावलें आहे? म्हाताऱ्यांस विचारा, पूर्वीं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकत असे. आज कोणत्या महिन्यांत आटतें तें स्वतः पाहा. एवढें लिहिलें तर "पाण्याचें महत्त्व" या विषयावरील पन्नास पाठ केलेल्या निबंधांहून तुमचा एक कागद वजनदार होईल.

दुसरें घ्या. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांच्या कक्षास आग लागली आणि दहा तान्हीं बाळें गेलीं. गोरगरिबांचीं लेंकरें होतीं तीं. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे हुकूम सुटले. घर जळाल्यावर विहीर खणावयाची, हा आपला जुना शिरस्ता! जवळच जवाहरनगरचा दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे; २४ जानेवारी २०२५ रोजीं तेथें स्फोट होऊन कामगार दगावले. कारखान्याच्या आंत काय करावें तें जाणत्यांचें काम आहे. पण तुमच्या शाळेंत आग विझविण्याचें नळकांडें आहे कीं नाहीं, असल्यास त्यावरील चिठ्ठींत पुन्हां भरण्याची तारीख कोणती, दुसरें दार उघडतें कीं त्याला कुलूप आहे, हें पाहावयास इंजिनियर लागत नाहीं. डोळे आणि पेन्सिल पुरे. हा प्रश्न आगीपूर्वीं विचारणें यालाच आम्ही नागरिकत्व म्हणतों.

आणि मुलींनो, तुम्हांस तर विषयांची वाणच नाहीं. शाळेंत मोरी आहे, पण तींत पाणी आहे काय? संध्याकाळच्या एस.टी.नें घरीं पोहोंचतां कीं रस्त्यांतच अंधार पडतो? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आपल्या वऱ्हाडांतल्याच. बापानें त्यांस घरींच शिकविलें. सुरतेच्या एका विधवेस झालेल्या शिक्षेवरून वर्तमानपत्रांत स्त्रियांची जी नालस्ती चालली, ती वाचून त्यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. वाचलें, चीड आली, आणि लेखणी उचलली. आज ग्रामपंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. महाराष्ट्रानें हा नियम २०११ सालीं केला. पण खुर्चीवर बाई आणि बोलतो तिचा नवरा, असें जेथें चालत असेल तेथें तें दिसेल तसें लिहा. उद्यां त्या खुर्चीवर बसून तुम्हांस स्वतःच्या तोंडानें बोलावयाचें आहे. त्याची तालीम आजच्या कागदापासून सुरू होते.

निबंधास एक गोष्ट आणखी लागते, ती म्हणजे पत्ता. जागतिक टपाल संघ १९७१ पासून दरसाल मुलांची पत्रलेखन-स्पर्धा घेतो. पत्राची ही खुबी आहे कीं तें कोणास लिहिलें हें पहिल्या ओळींतच ठरवावें लागतें. तुमच्या निबंधासही तसा पत्ता असूं द्या. गांवांतली नाली आणि पिण्याचें पाणी ग्रामपंचायतीचें. लहान तलाव आणि जिल्हा परिषदेची शाळा जिल्हा परिषदेची. जिल्हा रुग्णालय राज्य सरकारचें. आणि तुमच्या गांवचा हा राष्ट्रीय महामार्ग केंद्र सरकारचा. महामार्ग ओलांडावयास सोय नाहीं म्हणून सरपंचास शिव्या देऊन भागत नाहीं. ज्याचें काम त्याला विचारावें, आणि सरपंचानें तें विचारण्यांत पुढाकार घ्यावा, असें लिहावें. कोणाकडे काय मागावें हें न कळल्यामुळें आपल्या लोकांच्या चपला कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर झिजल्या आहेत. येथला कारकून तेथें धाडतो, तेथला येथें. तुमच्या निबंधानें घरच्या माणसांची ती एक खेप वांचली तरी मोठें काम झालें.

माहिती कोणी देत नाहीं, ही सबब पूर्वीं खरी होती. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें ती आतां उरली नाहीं. तो हक्क नागरिकांचा आहे, आणि त्यासही वयाची अट कायद्यांत नाहीं. महाराष्ट्रांत अर्जास फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील माणसास तीही नाहीं. उत्तर तीस दिवसांत द्यावयाचें. अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशें शब्दांच्या आंत असावा असा राज्याचा नियम आहे. बारकाईनें पाहिलें तर हा अर्ज म्हणजे दीडशें शब्दांचा निबंधच नव्हे काय? त्याला बक्षीस नाहीं, पण त्याला उत्तर देणें सरकारावर बंधनकारक आहे. २०१२ सालीं लखनौच्या एका शाळकरी मुलीनें असाच अर्ज करून पंतप्रधानांच्या कचेरीस विचारलें कीं महात्मा गांधींस राष्ट्रपिता ही पदवी कोणत्या हुकुमान्वयें दिली? कागद शोधण्याची पाळी दिल्लीवर आली, आणि असा हुकूम दप्तरीं नाहीं असें सांगावें लागलें. एका पोरीच्या चार ओळींनीं दिल्लीचें दप्तर हलतें. मग बोडीच्या गाळावर किती पैसा खर्ची पडला, हें आपल्या जिल्ह्याच्या दप्तरांतून कां निघूं नये?

आतां एका अवघड गोष्टीकडे वळतों. मुलाचा बाप ज्याच्या शेतावर मजुरीस जातो, त्याच माणसानें बोडीची जमीन दाबली असेल तर त्या मुलानें काय करावें? हा प्रश्न हवेंतला नाहीं. गांवोगांवीं हीच अडचण मुलाचा हात धरते, आणि म्हणून तें गाईडांतला निबंध उतरून मोकळें होतें. मुलांस धीट व्हा म्हणून सांगणें सोपें आहे, पण मजुरी बुडाली तर चूल मुलाची विझते, व्याख्यात्याची नव्हे! यासाठीं मुलांस आमचें सांगणें असें कीं माणसाविषयीं लिहूं नका, गोष्टीविषयीं लिहा. अमक्यानें चोरी केली असें लिहूं नका. बोडी कागदावर इतकी आणि जागेवर इतकी, असें लिहा. आंकडा कोणाची निंदा करीत नाहीं, आणि तो खोडून काढणें निंदेपेक्षां फार कठीण असतें. आणि चालकांस आमची विनंति कीं निबंधावर मुलाचें नांव न घालतां फक्त नंबर घालावा. नांवाची यादी मुख्याध्यापकांनीं कुलुपांत ठेवावी. मुलानें लिहावें असें ज्यांस वाटतें, त्यांनीं त्याच्या पाठीवर आधीं ढाल धरावी.

ज्येष्ठ मंडळीस आणखी दोन मागणीं आहेत. पहिलें, बक्षिसपात्र असोत वा नसोत, निवडक निबंध ग्रामसभेंत मोठ्यानें वाचून दाखवावे. वर्षांतून निदान चार ग्रामसभा भराव्या असा कायदा आहे. मुलांस तेथें मत नाहीं, कारण ग्रामसभा मतदारांची. पण त्यांचा कागद त्यांची आई वाचूं शकते, बाप वाचूं शकतो. दुसरें, वाचून झाल्यावर ग्रामपंचायतीनें लेखी उत्तर द्यावें. हें करूं, हें आमच्या हातचें नाहीं म्हणून अमक्या कचेरीस कळविलें, हें या वर्षीं पैशाअभावीं होत नाहीं: तिन्हींपैकीं जें खरें असेल तें लिहावें आणि शाळेच्या फलकावर लावावें. "नाहीं" हें उत्तर मुलांस चालेल. उत्तरच नाहीं, हें मात्र चालणार नाहीं. लिहून कांहीं होत नाहीं असा धडा ज्या मुलानें पंधराव्या वर्षीं घेतला, तो पंचविसाव्या वर्षीं मत विकतो, आणि मग आपण कपाळास हात लावून म्हणतों कीं लोकच नालायक झाले.

मुक्ता साळवेच्या निबंधाचा विचार करतांना आम्हांस एका गोष्टीचें फार वाईट वाटतें. तिचें लिखाण म्हणून आपल्या हातीं राहिलें आहे तें एवढेंच. चौदाव्या वर्षीं जिची लेखणी एवढी धारदार, तिचा विसाव्या वर्षींचा निबंध कोठें आहे? तिसाव्या वर्षींचा? तिला शिकविणारे निघाले, तिचें छापणारेंही एक पत्र निघालें. पण भोंवतालचा समाज असा होता कीं तिच्या सवालास जबाब देण्याचें कोणासही बंधन वाटलें नाहीं. तसेंच तुमच्या मुलांचेंही होऊं द्यावयाचें काय, हें आज या मांडवांत बसलेल्या मोठ्या माणसांनीं ठरवावयाचें आहे. परीक्षा मुलांइतकीच तुमची आहे.

याच भंडारा मतदारसंघांतून १९५४ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर पोटनिवडणुकीस उभे राहिले होते आणि पराभूत झाले होते. ज्यानें घटना लिहिली त्यासही मतदारापुढें हात जोडून उभें राहावें लागलें, एवढी त्या एका मताची किंमत आहे. मुलांनो, सतरा वर्षें पुरीं झालीं कीं मतदार यादींत नांवासाठीं आगाऊ अर्ज करतां येतो, तो विसरूं नका. पण मत पांच वर्षांनीं एकदां देतां येतें. प्रश्न रोज विचारतां येतो.

तेव्हां आतां घरीं जा आणि गाईड मिटून ठेवा. मोबाइल ठेवावयाचाच असेल तर तलावाच्या पाळीची लांबी मोजण्यापुरता ठेवा. वही-पेन्सिल घेऊन एक फेरी गांवांतून मारा, दोन म्हाताऱ्यांशीं बोला, एका कचेरींत जाऊन एक प्रश्न विचारा, आणि मग लिहावयास बसा. निबंध चार पानांचाच पाहिजे असें नाहीं. दीड पान खरें असलें तरी पुष्कळ झालें.